सेमीफायनलच्या तोंडावर

सिंगापूरला आम्ही गेलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो रोज सकाळी चांगी बिझनेस पार्कला जायचा, मुलगी शाळेत जायची आणि मी पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये एकटी. नागपुरात मी फिजिओथेरपिस्ट होते, कॉलेजात असताना बास्केटबॉलही खेळले होते. त्यामुळे तिथल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबला फिजिओ हवी आहे असं कळल्यावर नवरा माझ्याआधी हरखला. ‘‘ही जागा तुझ्यासाठीच रिकामी ठेवलीय,’’ म्हणाला.

तो क्लब आता नाही. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत आजूबाजूच्या देशांमधल्या क्लबांची एक लीग चालायची, तिच्यात आमचा संघ होता. फार मोठा नव्हे. भाड्याचा हॉल, वर दोन खोल्यांचं ऑफिस, आणि सामन्याला प्रेक्षक म्हणजे शाळांची पोरं, खेळाडूंचे नातेवाईक आणि घरकामाला आलेल्या, रविवारची सुट्टी असलेल्या फिलिपिनो बायका. त्या मात्र असा आरडाओरडा करायच्या की हॉल भरल्यासारखा वाटायचा.

क्लब उभा केला होता दोघा मित्रांनी. एक आमचे कोच आणि दुसरे मॅनेजर. दोघंही तिथलेच, चिनी, पन्नाशीच्या आसपासचे. शाळेत एकाच संघातून खेळलेले. कोच कमी बोलायचे, खेळाडूला रागवायचं असलं तर नुसतं नाव घेऊन थांबायचे. मॅनेजर बोलघेवडे, टापटीप, सतत फोनवर. क्लबला पैसा पुरवणारा मालक त्यांनीच शोधून आणला होता. सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी दोघं शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, कॉफी प्यायला बसत. कोचसाठी बिनसाखरेची कॉफी मॅनेजरच मागवत, न विचारता. मला पाहिलं की खुर्ची ओढून म्हणत, ‘‘डॉक्टर, बसा.’’ मी डॉक्टर नाही हे मी पहिल्या आठवड्यात दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

त्या वर्षी आमचा संघ पहिल्यांदाच प्लेऑफला पोचला. त्याचं बरंचसं श्रेय आमच्या लंबूला. लंबू हे घरातलं नाव, माझ्या नवऱ्याने ठेवलेलं. अमेरिकेतल्या एका छोट्या गावातला हा मुलगा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. दिसायला आडदांड, पण स्वभावाने गाईसारखा. स्वतः फार गुण करायचा नाही. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घ्यायचा, दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून द्यायचा. त्याच्यामुळे आमची स्थानिक पोरं बिनधास्त खेळायला लागली होती. रविवारी सामना नसला की तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझा पाटवडीचा रस्सा खाताना नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी वाटी पुढे करायचा. माझी मुलगी त्याला म्हणायची, ‘‘अंकल, डोअर छोटा आहे, माइंड युअर हेड लाह!’’ शेवटचं ‘लाह’ तिथल्या पोरांकडून उचललेलं.

साखळीतल्या शेवटच्या सामन्यात हा लंबू उडी मारून खाली आला तो समोरच्याच्या बुटावर. घोटा आतल्या बाजूला वळला. मी धावत गेले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो मलाच म्हणाला, ‘‘इट्स ओके, इट्स ओके.’’ पाय तुटला नव्हता, लिगामेंट ताणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी वरच्या ऑफिसात आम्हाला बोलावलं. मी, कोच आणि ते. मालक फोनच्या स्पीकरवर.

‘‘किती दिवस?’’ मॅनेजरनी विचारलं.

‘‘सेमीफायनलचे पहिले दोन सामने नाही खेळू शकणार,’’ मी म्हणाले. ‘‘तिसरा झालाच तर कदाचित खेळेल. सूज कशी उतरते त्यावर आहे.’’

‘‘कदाचित म्हणजे?’’ फोनमधून आवाज आला.

‘‘म्हणजे आज सांगता येणार नाही.’’

सेमीफायनल तीन सामन्यांची होती. दोन जिंकेल तो संघ अंतिम फेरीत. मालकांनी दुसरा एक परदेशी खेळाडू हेरून ठेवला होता, धडाधड गुण करणारा. पण लीगच्या नियमाप्रमाणे परदेशी खेळाडू दोनच ठेवता येत. नवा आणायचा तर जुन्याला काढावं लागणार होतं.

‘‘नको,’’ कोच म्हणाले. ‘‘हा संघ वर्षभर एकमेकांना ओळखून खेळलाय. त्याच्याशिवाय एक सामना आपण जिंकू. तिसऱ्याला तो असेल.’’

‘‘आणि नसला तर?’’ मालकांनी विचारलं.

‘‘नसला तर हरू. पण आपण हरू.’’

फोन बंद झाल्यावर मॅनेजरनी खुर्ची पुढे ओढली. मग मित्राला म्हणाले, ‘‘अरे, प्लेऑफमध्ये हरलो तर ते पुढच्या वर्षी क्लब चालवणार नाहीत. मला उघड सांगितलंय. तू समजून घे.’’

‘‘मी समजतोय,’’ कोच म्हणाले. ‘‘म्हणून तर नको म्हणतोय.’’

शेवटी मालकांचंच चाललं, लंबूला काढलं. तिथे नोकरी संपली की देशात राहण्याचा पासही संपतो, त्यामुळे त्याला लगेच निघावं लागलं. आम्ही त्याला विमानतळावर सोडायला गेलो. कुबड्या घेऊन तो कसाबसा गाडीतून उतरला. माझी मुलगी रडायला लागली तर तिला म्हणाला, ‘‘तिकडची दारं मोठी आहेत, माझं डोकं वाचेल.’’ मला मात्र त्याच्याशी धड बोलता येईना. मी जे पाहिलं तेच सांगितलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. तरी त्याचा पाय माझ्या हातात होता आणि तो निघाला होता, हे मनातून जाईना.

नवा खेळाडू आला. कोचनी त्याला सुरुवातीच्या पाच जणांत घ्यायला नकार दिला. ‘‘आधी त्याला संघ कळू दे,’’ म्हणाले. कोचना काढा, असा मालकांचा निरोप आला, आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या दुपारी मॅनेजरनी हॉलमध्ये सगळ्यांना गोळा केलं. कागदावर लिहून आणलेलं वाचावं तसं ते बोलले, हातात कागद नसताना. कोच आज थांबत आहेत, उद्यापासून सहायक कोच संघ सांभाळतील, क्लब त्यांचा ऋणी आहे.

कोच मागे भिंतीपाशी उभे होते. ते पुढे आले, एकेका खेळाडूशी हात मिळवला. मॅनेजरांनी हात पुढे केला, तर तोही घेतला. म्हणाले, ‘‘पोरांना नीट जेवू घाला,’’ आणि गेले. खेळाडूंपैकी कोणी चेंडूला हात लावेना. शेवटी कप्तानाने एक चेंडू उचलून बास्केटकडे टाकला, तोही लागला नाही.

पहिला सामना आम्ही वाईट हरलो. दुसरा जिंकलो, खरं सांगायचं तर नव्या खेळाडूच्या जोरावरच. त्या दिवशी मॅनेजर लहान मुलासारखे नाचले. तिसरा सामना आमच्याच हॉलमध्ये होता. मी बेंचच्या टोकाला बसले होते. मध्यंतरात वर नजर गेली तर सगळ्यात मागच्या रांगेत कोच बसलेले. तिकीट काढून आले होते. मॅनेजरांनीही त्यांना पाहिलं. दोन-तीनदा ते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही पुढे होतो. मग समोरच्यांनी नव्या खेळाडूभोवती दोघं उभे केले. आमची दोन पोरं मोकळी होती, हात वर करून ओरडत होती. त्याला ती दिसलीच नाहीत. कशी दिसतील, त्यांची नावंसुद्धा त्याला माहीत नव्हती. त्याने एकट्यानेच फेकला, पुन्हा फेकला, आणि सामना निसटला.

शिट्टी झाल्यावर मॅनेजर पायऱ्या चढत वर धावले. मागची रांग रिकामी होती. ते तिथेच एका खुर्चीवर बसले. मी वर गेले तेव्हा टायची गाठ सैल करत मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, मला वाटलं होतं, एकदा जिंकलो की त्याला समजावेन. जिंकल्यावर सोपं गेलं असतं.’’

मालकांनी बोलल्याप्रमाणे लगेच नाही, पण आणखी एक वर्ष चालवून क्लब बंद केला. सेमीफायनलनंतर काही दिवसांतच लंबूची ईमेल आली होती, सोबत फोटो. पाय अपेक्षेपेक्षा लवकर बरा झाला होता, तिसऱ्या सामन्याच्या दिवशी तो त्याच्या गावातल्या बागेत पोरांबरोबर खेळत होता. वाचून आनंद व्हायला हवा होता. मी नवऱ्याला दाखवली, त्याने खांद्यावर हात ठेवला.

भारतात परतण्याच्या थोडं आधी कोच मला पासिर रिसच्या बागेत भेटले. जवळच्या शाळेत मुलांना शिकवत होते, तब्येत छान. मॅनेजर भेटतात का, मी विचारलं.

‘‘चिनी नववर्षाला तो मेसेज पाठवतो. मी थँक यू लिहितो.’’

‘‘एवढंच?’’

‘‘त्याला क्लब वाचवायचा होता, मला संघ. दोघांनाही जमलं नाही. आता बोलून काय बोलणार?’’

‘‘मी बोलू का त्यांच्याशी?’’

‘‘नको, डॉक्टर,’’ ते हसून म्हणाले, आणि मुलांकडे वळले.

चार वर्षं मी त्या दोघांबरोबर काढली, पण त्यांना माझ्या घरी एकत्र जेवायला बोलावणं राहूनच गेलं. सीझन संपला की बोलावू, असं मी आणि नवरा दर वर्षी म्हणायचो. लंबू आमच्या टेबलाशी बसायचा, तसे तेही दोघं बसले असते. मॅनेजर बोलत राहिले असते, कोच ऐकत. त्याने पुढचं काही टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण मला त्या दोघांची एकत्र आठवण काढायची झाली, तर हॉकर सेंटरमधलं ते प्लॅस्टिकचं टेबल तेवढं आठवतं. त्याहून जास्त काही आठवायला हवं होतं.