डोळ्याची रेघ

माझी ताई चित्रकलेची बाई. तिच्या वर्गात निसर्गचित्र म्हणजे आधी उलटतपासणी. "कुठून बघतोयस? उभा आहेस की बसलायस? ते कागदावर कळू दे. आधी डोळ्याची रेघ मार, झाडंबिडं मग." डोळ्याची रेघ म्हणजे क्षितिज. निम्मी मुलं ती सवयीने कागदाच्या मधोमध मारायची आणि ताई कपाळाला हात लावायची.

भावोजींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. ताईने त्यांची खाट खिडकीला लावली, समोर टेकडी दिसते म्हणून. शाळा, स्वयंपाक, त्यांचं अंग पुसणं, औषधं, आणि वर रोज खिडकीशी उभं राहून टेकडीचं कौतुक. भावोजी मात्र आतल्या भिंतीकडे तोंड फिरवून पडलेले.

"एवढं करून माझ्या वाट्याला यांची पाठ," ती म्हणाली. "आता नाही होत गं माझ्याच्याने. शुश्रूषा केंद्रात ठेवू या."

केंद्र बघायला जायचं त्या सकाळी मी चपला घालून दारात उभी होते. ताईने शेवटचा उपाय म्हणून त्यांच्या चालत्या हाताशी कागद आणि पेन्सिल ठेवली. "बोलता येत नाही ना, मग काढून दाखवा. काय सलतंय ते तरी कळू दे."

भावोजींनी कागदाच्या अगदी वरच्या टोकाला एक वाकडी रेघ मारली. खाली काही नाही.

ताईतली बाई जागी झाली. "क्षितिज एवढं वर? झाडावर चढून बसलाय का?" तिने रेघ खोडली आणि बरीच खाली नवी मारली. भावोजींनी ती गिरगटून टाकली आणि पुन्हा वरच मारली, कागद फाटेल इतकी दाबून.

"असं दिसतं तरी कुठून? सरका!" ती वैतागून त्यांच्या उशीवर डोकं टेकून आडवी झाली.

मग पडल्या पडल्याच म्हणाली, "इथून टेकडी दिसतच नाही गं. ही खिडकीची कड आहे. खाली नुसती भिंत. आणि वरून ऊन थेट डोळ्यांत." तिने डोळ्यांवर हाताचा आडोसा केला. "मी आपली उभी राहून सांगत होते."

"विटा आणते, खाट उंच करून घेऊ," मी म्हटलं.

बघते तर थकून तिथेच तिचा डोळा लागला होता. भावोजी तिच्याकडे तोंड करून पडले होते, तिला बघत. केंद्रात आमची वाट बघत असतील. मी तिला उठवलं नाही.