तेराव्या भागातली हाक

स्वतःच्या आवाजाची भीती वाटते, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. लोक हसतात. पण बुधवारी दुपारचे दोन वाजले की मी घरातला रेडिओ बंद करते. त्या वेळेला आता काय लागतं ते मला ठाऊकही नाही. भाजीपाल्याचे भाव लागले तरी मला त्यात एकच वाक्य ऐकू येतं, माझ्याच विशीतल्या आवाजात. ते बोलले मी आणि लिहिलंही मीच.

साठ सालच्या थोडे अलीकडचे पलीकडचे ते दिवस. आमचं घर बेंगळुरात चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. आम्ही मराठी, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी फौजेबरोबर इकडे आलो आणि राहूनच गेलो. आमच्या घरात वडील म्हणजे अण्णा, थोरली बहीण म्हणजे अक्का, जरा थांबायचं म्हणजे स्वल्प थांबायचं. पुण्याचा पाहुणा आला की आमची मराठी ऐकून पोट धरून हसायचा. माझं कन्नड मात्र असं चोख की रेडिओ केंद्रात आवाजाची परीक्षा झाली तेव्हा मला पहिल्या फटक्यात घेतलं. त्याचा मला अतोनात गर्व होता, आणि पुढचं सगळं त्या गर्वानंच केलं.

बायकांच्या दुपारच्या कार्यक्रमात दर बुधवारी एक कन्नड मालिका लागायची. आई-बाप गेलेल्या दोन बहिणी, थोरलीनं धाकटीला वाढवलेलं, एवढीच गोष्ट. धाकटीचं काम मी करायची. लिहीत होत्या एक वयस्क लेखिका. त्यांच्या प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी हुंदका द्यायचं, आणि गावातल्या निम्म्या बायका पदराला डोळे पुसत चहा टाकायला उठायच्या. मग त्या बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, आणि तीन महिन्यांसाठी, म्हणजे तेरा भागांसाठी, बदली लेखिका आली.

ती बेळगावकडची. तिशीची असेल, काळीसावळी, केस घट्ट बांधलेले. येलहंक्याला थोरल्या बहिणीबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि आगगाडीनं यायची. कन्नडमध्ये लिहायची, पण घरची भाषा मराठी. तिकडच्या बायकांसारखी ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलायची. मला त्याची मजा वाटायची आणि मी ती लपवतही नव्हते.

तिच्या लिखाणावर मी तेव्हा काय काय नाकं मुरडली ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. तिच्या भागांत कोणी रडायचंच नाही. थोरली बहीण आधीच्या लेखिकेनं अगदी देव्हाऱ्यात बसवलेली. हिनं तिला खाली उतरवली. ती धाकटीची वेणी घालताना केस ओढायची. धाकटी जेवल्याखेरीज स्वतः पान मांडून घ्यायची नाही, आणि विचारलं तर म्हणायची, भूक नाही. धाकटीला कोणी बघायला आलं तर थोरली पाहुण्यांसमोर यायचीच नाही, आतून फक्त भांडं ठेवल्याचा आवाज. वाक्यं अर्धी सोडलेली. ‘यात मला बोलायला काय ठेवलंय?’ असं मी तिला एकदा तोंडावर विचारलं. ती म्हणाली, ‘थांबा की जरा. बोलायचं शेवटी येतंय.’

ते तेराव्या भागात आलं. धाकटीला ताप चढलाय, थोरली उशाशी बसलीय, आणि धाकटी म्हणते, ‘तायी, हत्तिर बा.’ म्हणजे, आई, जवळ ये. त्यानंतर कोणी काही बोलत नाही. कागदावर लिहिलं होतं: थोरली उठते, पाण्याचा तांब्या भरते, परत येते. संपलं.

तेव्हा कार्यक्रम थेट जायचा. मी ते वाक्य मायक्रोफोनसमोर बोलले आणि मलाच कसंसं झालं. जाड पडदे लावलेल्या त्या खोलीत तांब्यात पाणी पडल्याचा आवाज फार वेळ चालू राहिला असं मला वाटलं. चार दिवसांत पोस्टकार्डांचा गठ्ठा आला. सगळ्यांचा प्रश्न एकच: ही थोरली तिची बहीण आहे की आई?

त्याच आठवड्यात निरोप आला की आधीच्या लेखिका आता परत येणार नाहीत. बदली लेखिकेला कायम करायचं की नाही हे ठरवायला तिघांची समिती बसली: केंद्रातले साहेब, कन्नड शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, आणि काम करणाऱ्यांतलं एक माणूस असावं म्हणून मी. त्या बाईचं आणि तिच्या बहिणीचं पोट या कामावर होतं हे आम्हा तिघांना माहीत होतं.

मास्तर तिच्यावर खूष होते. ते म्हणाले, ‘घरात मुलगी अम्मा म्हणते, अव्वा म्हणते. तायी अशी हाक कोण मारतं? म्हणूनच तो शब्द लागतो. या बाईनं तेरा आठवडे काही न सांगता सगळं सांगितलंय.’ साहेबही मान डोलवत होते.

आणि मला हसू आलं. कारण त्या खोलीत मराठी येणारी मी एकटी होते. मी म्हटलं, ‘सर, तसं काही नाही. मराठीत थोरल्या बहिणीला ताई म्हणतात. हिच्या घरची भाषा लिहिता लिहिता कागदावर सांडली. तिला बहीणच म्हणायचं होतं. तिला कळलंही नसेल की कन्नडमध्ये त्याची आई झाली.’

साहेबांनी तिला आत बोलावलं. मी मराठीतच विचारलं, ‘तुम्ही घरी थोरल्या बहिणीला काय म्हणता हो?’

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘ताई म्हणतो.’

मी वळून दोघांना कन्नडमध्ये सांगितलं, बघा. साहेब मोठ्यानं हसले. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेबांनी तिला विचारलं, मुद्दाम लिहिलंत की चुकून? ती उत्तर त्यांना देत होती, पण बघत माझ्याकडे होती. ‘यांना दोन्ही भाषा येतात. त्या चूक म्हणतात तर चूकच असंल.’

त्या नजरेत राग असता तर मी ती कधीच विसरून गेले असते. ती नजर विनवणीची होती. आता काही विचारू नका, किंवा आणखी एकच प्रश्न विचारा, यांतली कुठली ते मला अजून ठरवता येत नाही. मी खुशीत होते. सगळ्यांना न कळलेली गोष्ट मला कळली होती, आणि ती मला चढली होती.

मी लेखी मत दिलं: भाषेवर पकड नाही, कायम करू नये. मास्तरांनी विरोध लिहिला, पण साहेबांनी माझं मानलं. नवीन लेखिका मिळेपर्यंत चौदावा भाग निस्तरायला कोणी नव्हतं, तेव्हा साहेब म्हणाले, ‘घोळ तुमच्या लक्षात आला, तुम्हीच दुरुस्त करा.’ मी एका बैठकीत लिहिला. धाकटीचा ताप उतरतो आणि ती म्हणते: ‘तापात मी काय बरळले कोण जाणे. तू माझी अक्का. तायी म्हणजे आपली गेली ती. तू तायी कशी होशील?’ बुधवारी दुपारी मीच ते हसत हसत म्हटलं. पोस्टकार्डं थांबली. साहेबांनी पाठ थोपटली.

ती बाई धारवाडकडे कुठल्याशा शाळेत लागली असं कानावर आलं. मी तिला विसरले, खोटं कशाला बोलू?

वर्षभरानं असेल, एका दुपारी केंद्राच्या फाटकावरच्या माणसानं सांगितलं, तुम्हाला भेटायला कोणी आलंय. बाहेर कडुनिंबाखाली एक बाई उभी होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी. मी ‘कोण पाहिजे?’ म्हटल्याबरोबर तिनं डोळे मिटून घेतले.

‘हाच आवाज,’ ती म्हणाली. ‘धाकटीचा. मी दर बुधवारी ऐकत होतो.’

ती त्या बदली लेखिकेची येलहंक्याची बहीण. मी तिला आत बाकावर बसवलं, कॉफी मागवली. मी विचारलं, त्या कशा आहेत? ती म्हणाली, कावीळ झाली, श्रावणात गेली. जसं कोणी गाडी चुकल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं. मग तिनं कप बाकावर ठेवला.

‘तुमच्याजवळ बोलतो,’ ती म्हणाली. ‘तुमच्या तोंडून ऐकलंय म्हणून. ती माझी बहीण नव्हती. माझ्या पोटची होती. मी सोळा वर्षांची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. कसं सांगणार लोकांना? माझ्या आईनं आपली म्हणून वाढवली, आणि मला ताई म्हणायला शिकवली. तिला ठाऊक हाय की नाही, मला कळलं नाही कधी. विचारायचं धाडस नव्हतं. तिचं लगीन ठरायला माणसं आली की मी आतच बसायचो, माझं तोंड तिच्यासारखं हाय ना.’

मी तिच्याजवळ सरकून बसले.

‘मग त्या दिवशी रेडिओत तुम्ही म्हटलं, तायी, हत्तिर बा. कन्नड कळतंय की मला. ती गाडीनं घरी आली, तर मी जेवायला वाढलं. तिनं काही म्हटलं नाही, मी काही म्हटलं नाही. पण दोघी एका ताटात जेवलो त्या दिवशी. मी आठ दिवस असा होतो की काय सांगू. जन्मभरात तेवढेच आठ दिवस. मग पुढच्या बुधवारी तिनं परत घेतलं. तू तायी कशी होशील, म्हणाली. बरोबरच केलं तिनं. जगात राहायचं तर असंच पाहिजे. मी तिला बोललो नाही कधी त्याबद्दल.’

काम गेल्याचं मुलीनं तिला सांगितलंच नव्हतं, हे तिच्या बोलण्यातून कळलं. आणखी महिनाभर रोज तीच गाडी धरून ती शहरात येत राहिली, आणि मग धारवाडला बदली झाली म्हणाली. चौदावा भाग तिनं लिहिलाच नव्हता, हे या बाईला कोण सांगणार? मीच. माझ्याखेरीज कोणीच नव्हतं. मी सांगितलं. माझ्या आयुष्यात मी तेवढं एक धाडस केलं आहे.

मी म्हटलं, ‘ते वाक्य तुमच्या मुलीचं नाही. ते मी लिहिलं. तिला आम्ही काढून टाकलं होतं, माझ्यामुळे. तिनं तायी लिहिलं ते आईच म्हणून लिहिलं. तिनं ते कधी परत घेतलं नाही.’

मी धावत आत गेले, कपाटातून दोन्ही भागांच्या प्रती काढल्या, बाहेर आणून तिच्या मांडीवर ठेवल्या. ‘हे बघा, हे तिचं अक्षर. हे माझं. दोन वेगळी माणसं आहेत.’

तिनं दोन्ही कागद नीट जुळवले, कडा सारख्या केल्या आणि मला परत दिले. ‘मला अक्षर कुठं कळतंय बाई,’ ती म्हणाली. ‘दोन्ही तुमच्याच तोंडून ऐकलं, तेवढंच मला.’

मग तिनं माझा हात धरला. मी रडत होते, आणि ती मला समजावत होती.

‘मला बरं वाटावं म्हणून तिचं बोलणं स्वतःवर घेताय. भल्या घरच्या आहात,’ ती म्हणाली. ‘पण आईला कळतंय हो, कुठलं पोरीचं बोलणं आणि कुठलं नाही.’