मागच्या चाकाचा नट

देव सर्वत्र आहे, हे मला अवधपुरीतल्या एका ख्रिस्ती मेकॅनिकने पटवून दिलं. निदान आमच्या स्कूटरच्या मागच्या चाकापुरतं तरी.

काम करताना तो सतत पुटपुटतो. आधी मला वाटलं, कानात फोन असेल. नंतर कळलं, तो प्रत्येक गोष्ट देवाला सांगत असतो. "प्रभु, चाक खोल रहा हूँ. प्रभु, नट कस दिया." शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा आवाज. देवाला एवढंही आपणहून कळत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"उनको तो पता है साहब. मुझे पता रहना चाहिए."

गेल्या रविवारी सकाळी, चर्चला जायचे इस्त्रीचे कपडे घालून तो आमच्या फाटकात उभा. आदल्या दिवशीच त्याच्याकडून चाक दुरुस्त करून आणलेल्या स्कूटरवर बायको मिसरोदला बहिणीकडे निघाली होती, स्कूटर सुरूही झाली होती. त्याने सरळ चावी काढून घेतली.

"भाभीजी, उतरिए. कल एक ग्राहक से झगड़ा हो गया. उतनी देर प्रभु से बात ही नहीं की. आपका नट उसी बीच का है."

मला हसू आलं. त्याने चाकाशी हात घातला आणि नट दोन बोटांनी फिरवून बाहेर काढला. माझं हसू तोंडातच राहिलं. बायकोने हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं.

त्याने नट परत लावला आणि पिशवीतून पाना काढून आवळला. "प्रभु, कस दिया." मग पाना माझ्या हातात दिला. "साहब, एक बार आप भी देख लीजिए."

मी पाना लावला. नट आणखी पाव फेरा फिरला.