खाली-वर होणारं टेबल

माझा नवरा सुतार आणि मी सरकारी नोकरीत, असं सांगितलं की त्या काळी लोक दोनदा विचारत. वडशाच्या आसपास असं दुसरं घर मला तरी ठाऊक नव्हतं. आमचा जिल्हा तेव्हा चांदा आणि राजधानी नागपूर. सातवी पास झाल्यावर मी ग्रामसेविकेचं प्रशिक्षण घेतलं आणि नव्यानेच उघडलेल्या ब्लॉक ऑफिसात लागले. सासरी-माहेरी दोन्हीकडे कुरबुर झाली. नवरा एवढंच म्हणाला, "शिकली आहे तं घरी बसवून कायले ठेवाची?" आणि रंधा मारायला लागला.

तो शेतीची अवजारं करायचा, बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दुरुस्त करायचा. पण जीव सगळा नाटकाच्या सामानात. थंडीत आमच्याकडे शंकरपट भरतात, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्ताने गावोगावी नाटकं होतात. नाटकवाल्यांना सिंहासन, पलंग, बाक सगळं एका बंडीत मावेल असं लागे. नवऱ्याच्या हाताखालून गेलेल्या सिंहासनाचे हात मिटत, पाठ निघे, आणि खाली उरलेल्या चौरंगावर पुढच्या अंकात ऋषी बसत. असलं काही जमलं की तो जेवताना आपल्याशीच हसायचा.

आमचं ऑफिस धानाच्या गिरणीमागच्या खोल्यांत होतं. दिवाळीनंतर रस्ते सुकले की अर्धं ऑफिस बंड्यांत भरून आतल्या गावांमध्ये कॅम्पला जायचं. साहेबांचं टेबल, खुर्च्या, कागदांची पत्र्याची पेटी, कंदील, तंबू. टेबल सागवानाचं आणि भलतंच जड. नाल्यातून बंडी जाताना त्याचा एक पाय मोडला, तो कॅम्पवर दोरीने बांधून ठेवला होता.

पण माझी अडचण वेगळीच होती. कॅम्पवर बाया येत, त्या टेबलापासून चार हात लांब जमिनीवर बसत. कितीही म्हटलं तरी पुढे सरकत नसत. आता बाळंतपणाची, अंगावरून जाण्याची गोष्ट मी टेबलामागून ओरडून कशी विचारणार? तिकडे शिपाई उभा, इकडे कारकून बसलेला. मग मी उठून त्यांच्यात जाऊन बसायची आणि मांडीवर वही घेऊन लिहायची. मला तेव्हा पाचवा महिना होता. अर्धा दिवस वाकून लिहिलं की कमरेतून कळ निघे.

त्या कॅम्पवरून घरी आले तेव्हा भिंतीला टेकूनच बसले. नवऱ्याने पाहिलं.

"काऊन वं, कंबर दुखून राह्यली का?"

"दुखते ना. खुर्चीवर बसली तं बाया बोलत नाई, खाली बसली तं लिहिता येत नाई."

"मंग टेबल खाली आनून घे."

"सरकारी टेबल आहे ते. त्याचे पाय कापू का?"

मी चिडून बोलले होते. तो मात्र विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने मला अंगणात मांडी घालून बसवलं आणि सुतळीने गुडघ्याची उंची, कोपराची उंची मोजायला लागला. शेजारच्या बाया कुंपणावरून हसत होत्या. माझ्या पोटापासून फळी किती लांब हवी, तेही त्याने मोजलं.

"हे माप कामाचं नाई," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात पोट आनखी पुढे येईन."

त्याने सुतळी गुंडाळून ठेवली. म्हणाला, "खरंच वं. मंग फळी सरकली पाह्यजे."

पहिलं टेबल त्याने नाटकाच्या पलंगासारखं केलं. दोन्ही बाजूंना फुलीसारखे पाय, मध्ये खुंटी. खुंटी एका भोकात घातली की टेबल खुर्चीच्या उंचीचं, दुसऱ्या भोकात घातली की मांडी घालून बसायच्या उंचीचं. पाय सागाचे, वरची फळी शिवणीच्या लाकडाची, म्हणजे उचलायला हलकी. मी ते साहेबांना विचारून कॅम्पवर नेलं. साहेब नागपूरचे. कुटुंब तिकडेच असे, त्यामुळे ते जरा एकलकोंडे वाटायचे. ऑफिसात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. टेबल पाहून ते म्हणाले, "बघू तरी," आणि आपली खुर्ची ओढून स्वतःच त्याच्याशी बसले.

दुपारपर्यंत छान चाललं. मग साहेबांनी सही करताना कोपराचा भार टाकला, खुंटी सटकली, आणि टेबल मांजर बसावं तसं अलगद खाली बसलं. शाईची दौत साहेबांच्या पांढऱ्या पँटवर उलटली. कारकून टीपकागद शोधायला धावला. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. मनात म्हटलं, गेली नोकरी.

साहेब उठले, डागाकडे बघितलं, मग वाकून खुंटी उचलली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या यजमानांना भेटायचं आहे मला."

"साहेब, त्यांची काही चूक..."

"चूक कसली? कल्पना चांगली आहे. खुंटी वाईट आहे."

पुढच्या रविवारी ते खरंच आमच्या घरी आले. नवऱ्याची तारांबळ उडाली. जगाला खुर्च्या करून देणाऱ्याच्या घरात बसायला खुर्ची नव्हती. शेवटी साहेब रंधा मारायच्या ठोकळ्यावर बसले. नवरा हात जोडून उभा राहिला, तर त्याला म्हणाले, "भाऊ, तुम्हीही बसा. उभ्याने बोलणं होत नाही." मग नवरा भुशातच बसला.

साहेबांची स्वतःची अडचण निराळी होती. कागदांची पेटी एका बंडीत आणि टेबल दुसऱ्या बंडीत. कधी एक बंडी आधी पोचे, दुसरी संध्याकाळी. टेबल आहे तर कागद नाहीत, कागद आहेत तर टेबल नाही. मी चहा आणून ठेवत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पेटीच टेबल नाही का होणार?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने कपाच्या बशीतला चहा संपवला आणि भुशात बोटाने रेघा ओढू लागला. लाकडाची पेटी, तिला दार समोरून, म्हणजे वरचा कागद न हलवता आतला काढता येईल. वरती फळी, ती हातभर पुढे सरकणारी, म्हणजे मांडी घातली की गुडघे खाली जातील. खुर्ची असेल तेव्हा पेटीच्या दोन्ही अंगांना पायांच्या चौकटी खाचेत बसवायच्या. पेटीच्या वजनानेच त्या घट्ट होणार. खुंटी नाहीच.

"फळी उतरती करू का साहेब, मुनीमाच्या डेस्कावानी?" त्याने विचारलं.

"उतार नको," साहेब म्हणाले. "माझ्याकडे आता एकच पँट उरली आहे."

नवरा इतका मोठ्याने हसला की मीच दचकले. साहेबही हसले. ऑफिसात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही.

ते दुसरं टेबल घेऊन आम्ही पौषात कॅम्पला गेलो. जंगलातलं गाव, बहुतेक घरं गोंडांची. मी पेटी झाडाखाली जमिनीवर ठेवली, फळी ओढली आणि मांडी घालून बसले. आधी कोणी आलं नाही. मग एक बाई आली. कडेवर तान्हं मूल होतं, झोपलेलं. ती लांब बसली नाही. माझ्यासमोर बसली, फळीवर हात फिरवून पाहिला, आणि मुलाला अलगद त्या फळीवर निजवलं. माझे कागद सरकवायला मला जेमतेम वेळ मिळाला. हात मोकळे झाल्यावर ती बोलायला लागली. तिला मराठी कमी येत होतं, मला गोंडी त्याहून कमी. पण तोंडाजवळ तोंड होतं, त्यामुळे निभावलं. आधीची दोन मुलं गेली होती, हे तिसरं. दूध पुरत नव्हतं. तिची भीती कशाची होती ते मला त्या दिवशी कळलं. टेबलामागून ते कधीच कळलं नसतं. तिच्यामागून आणखी बाया आल्या, कोपरं टेकून बसल्या. एकीने तर माझ्याच पोटावर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि सगळ्या हसल्या. काय ते मला अजून माहीत नाही.

मला वाटलं, हे घरी जाऊन नवऱ्याला कधी सांगते.

सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "पोराले फळीची कोर तं नाई ना लागली?" आणि पुढच्या टेबलाच्या कडा त्याने गोल घासल्या.

होळीच्या सुमारास मला मुलगी झाली. उन्हाळ्यात साहेबांनी वर लिहून आमच्या आणि आसपासच्या ब्लॉकांसाठी तशी टेबलं मंजूर करून आणली. काम माझ्याच नवऱ्याला मिळालं. मला आभाळ ठेंगणं झालं. मनात मी त्याचा कारखानाच उभा केला. दाराशी लाकडांच्या थप्प्या, हाताखाली माणसं, पुढे शाळांची बाकं, दवाखान्यांची कपाटं. सुतार आणि सरकारी बाई असं म्हणून हसणाऱ्या नातेवाइकांची तोंडंही मी बंद करून टाकली.

तो कामाला लागला. पावसाळाभर पडवीत एकसारख्या पेट्या होत होत्या. एकसारख्याच हव्या होत्या, कारण एका पेटीचे पाय दुसरीला लागायला हवेत, असं ठरलं होतं. पहिल्या पेट्या त्याने हौसेने केल्या. मग हळूहळू तो गप्प झाला. जेवताना हसणं थांबलं. मुलगी रांगत जाऊन भुशात खेळायची, तरी त्याचं लक्ष नसायचं. मला वाटलं दमत असेल.

दिवाळीनंतर नाटकमंडळी आली, नेहमीसारखी. नव्या नाटकात राजदरबार होता आणि तुरुंगही. दोन्ही एकाच सामानातून करून पाहिजे होते.

"यंदा नाई जमत भाऊ," नवरा म्हणाला. "सरकारी काम आहे."

"सिंहासनाचाच तुरुंग होईन का, एवढं तं सांग."

त्याने रंधा पुन्हा हातात घेतला. "दुसऱ्याले विचारा," म्हणाला. ते गेले. तो कितीतरी वेळ त्यांच्या वाटेकडे बघत उभा राहिला. मी मुलीला भरवत होते, माझा हात तसाच थांबला.

"तुम्हाले हे काम आवडत नाई का?" मी विचारलं.

"काम चांगलं आहे."

"मी कामाचं नाई विचारलं."

तो माझ्याजवळ येऊन बसला. "पयलं टेबल केलं तवा तुह्या कमरेचं माप डोक्यात होतं. दुसरं केलं तवा साहेबाच्या पँटीचं." एवढं म्हणून तो थोडं हसला. "आता डोक्यात काईच नाई. हात चालते फकस्त. तेच ते, तेच ते."

मला राग आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. माझा कारखाना मनातल्या मनात मोडताना मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "घेतलं तेवढं पुरं करून द्या. पुढचं दुसऱ्याले शिकवा."

"आनि तू?"

"मी काय? माह्या नोकरीले तुमच्या पेट्या नाई लागत. मले एक पुरे."

त्याने मुलीला उचलून घेतलं आणि तिचं खरकटं तोंड आपल्या खांद्याला पुसू दिलं. त्याच दिवशी दुपारी तो नाटकमंडळींच्या मागोमाग गेला. सामान करून देता आलं नाही, पण सिंहासनाचा तुरुंग कसा होईल ते त्यांना समजावून आला.

पेट्यांचं काम त्याने शब्दाप्रमाणे पुरं केलं. पुढची मागणी आली तेव्हा त्याने गावातल्या दोन सुतारांना बोलावून मापं दिली, खाचा कशा पाडायच्या ते दाखवलं, आणि स्वतः मोकळा झाला. साहेबांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी त्याला आग्रह केला नाही. राज्य बदललं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, साहेबांची बदली झाली. निघताना ते घरी येऊन गेले. या वेळी बसायला खुर्ची होती, तरी ठोकळ्यावरच बसले.

पुढे एकदा मी कॅम्पवरून दुसऱ्या सुताराने केलेली पेटी दुरुस्तीसाठी घरी आणली. तिच्या मागच्या अंगाला एक लाकडी हात बसवला होता. तो वर उचलला की त्यावर कंदील टांगता येई, आणि उजेड बरोबर कागदावर पडे. मला भीती वाटली, आपल्या कामात कोणी हात घातला म्हणून हा रागावेल. त्याने तो हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"पाह्य वं," तो मला म्हणाला, "हे आपल्याले सुचलंच नाई." आणि लगेच पायात चपला घालून त्या सुताराला भेटायला निघाला.