आता रस्त्याकडं तोंड

करणी, भानामती, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध कोंढ्याच्या बाजारात मी स्वतः पत्रकं वाटली आहेत. एका भगताशी भर चौकात भांडले आहे. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते खोडून कसं टाकू?

पवनीतलं एक खाजगी हॉस्पिटल. नाव मुद्दाम देत नाही. वरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड — एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला रस्ता. रस्त्याच्या खिडक्यांना लागून खाटा, त्यामुळे फाटकातून पेशंटची डोकी दिसतात. तिथे माझी आत्या होती. लकव्यानं अर्धं अंग गेलेलं. आई गेल्यावर मला वाढवलं ते हिनंच.

असा पेशंट एकाच अंगावर पडून राहिला की पाठ सडते. जखम हाडापर्यंत जाते, माणूस त्यातच मरतो. म्हणून कूस बदलायला तिथे शेवंता मावशी होती, जुनी आया. पाठीला पावडर लावायची, मागे जुन्या लुगड्याची गुंडाळी टेकवायची आणि म्हणायची, "चला बाई, आता नदीकडं तोंड." मग काही वेळानं, "आता रस्त्याकडं." सगळ्या वॉर्डाला ही सवय.

मग नागपूरहून सल्लागार आला. लीन मॅनेजमेंट! साध्या मराठीत — माणसं काढा, उरलेल्यांना पळवा. फरशीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या. नातेवाइकांचे स्टूल 'अडगळ' म्हणून उचलले. शेवंता मावशीलाही तसंच उचललं. वॉर्डात उरली एकटी वैशाली सिस्टर, आणि आम्हाला भेट फक्त संध्याकाळी.

आम्ही फाटकासमोर धरणं धरलं. मावशी सतरंजीवर माझ्या शेजारी. घोषणा देत होते, पण मनात धास्ती एकच — आत्याची पाठ.

संध्याकाळी वर जाऊन पाहिलं. पाठ स्वच्छ! ताजी पावडर. मागे लुगड्याची गुंडाळी.

"सिस्टर, तुम्ही केलं?"

"मले पाणी प्यायले टाइम नाही ताई, मी कुठून करू?"

आत्या जड जिभेनं म्हणाली, "शेवंता... आली होती."

मी हसले. "आत्या, ती दिवसभर माझ्याजवळ बसून होती."

"मंग तुह्याजवळ... कोन होतं?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, टळटळीत उन्हात, मावशी माझी टर उडवत होती. "घोषणा जरा जोरानं दे वो बाई! भजन म्हणून राहिली का?" सगळे हसले. तीही हसत होती... आणि मधेच थांबली. मांडीवरचे हात हलायला लागले — कोणाला तरी खांद्याला आणि कमरेला धरून वळवावं तसे. पुटपुटली, "आता रस्त्याकडं."

मी वर पाहिलं. खिडक्यांतली डोकी वळत होती. एकामागून एक, सावकाश. शेवटची आत्या. सरळ माझ्याकडे बघत होती. आणि वैशाली सिस्टर? ती खाली फाटकात, माझ्यासमोर औषधांचे खोके उतरवून घेत होती. वर वळवणारं कोणीही नव्हतं.

मावशीचे तळवे पांढरे झाले होते. मी वास घेतला. पावडर. तिची पिशवी उलटी केली, नुसता जेवणाचा डबा निघाला.

"काहून हात भरून आले, मालूम नाही," ती म्हणाली. "बसूनच त आहो मी."

त्यानंतर मावशी वाळत गेली. तिला जेवणाचा डबाही उचलवेना. सून म्हणाली, घरीसुद्धा हात चालूच असतात. शेवटी मावशीच म्हणाली, "बांध वो माहे हात." मी माझ्या ओढणीनं बांधले. त्या दिवशी तिला शांत झोप लागली, तिथेच सतरंजीवर.

संध्याकाळी आत्याची पाठ लालभडक होती.

मी तशीच आत्याला घरी घेऊन आले. आता तिची कूस मीच बदलते. पण बाकीच्या खाटा? त्या संध्याकाळी आत्याला घेऊन खाली उतरले, तर सतरंजीवर ओढणी सुटून पडलेली आणि मावशीचे हात पुन्हा चालू.

मॅनेजर आम्हाला ऐकवतो, "बघा, आया नाही तरी कोणाला जखम नाही. म्हणजे पोस्टच फालतू होती!" फुकटात काम होतंय, मग कोण करतंय हे त्याला कशाला विचारायचं आहे?

मावशी आता कोंढ्याला अंथरुणावर आहे. तिची कूस सून बदलते. हात थांबलेले नाहीत. डॉक्टर झालेल्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली भास, ताण, सवय. असेल. मग ती पावडर? ती वळलेली डोकी?

परवा वैशाली सिस्टर घरी आली. तिलाही काढणार आहेत. मी म्हटलं, घाबरू नका, लढू.

ती आपल्या हातांकडे बघत होती. म्हणाली, "नोकरी जाते त जाऊ दे, ताई. पण मी बी तिथं जातच राहीन का?"