थुंकी निगेटिव्ह, ग्लास वेगळा

"स्प्यूटम पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले. स्प्यूटम म्हणजे थुंकी. पॉझिटिव्ह म्हणजे तिच्यात क्षयाचे जंतू सापडले. त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढऱ्या कडेचा एक काळा गोल दाखवला. "ही कॅव्हिटी. फुप्फुसाला पडलेली पोकळी. औषधाने भरून येईल, पण औषध मध्येच सोडायचं नाही. तोवर ताट, पेला, अंथरूण, सगळं वेगळं."

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. खोकला बरेच दिवस होता. संध्याकाळी अंगात कणकण यायची, वजन उतरत होतं. रुमालावर रक्ताचा धागा दिसला तेव्हा माझी पत्नी विमल मला सक्करदऱ्याच्या घरातून सायकलरिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शरीराबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण त्यावर औषध होतं.

मला क्षयरुग्णालयात दाखल केलं. सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्याने जंतू मरतात, पण कानात शिट्टी वाजते आणि चालताना तोल जातो. आयसोनियाझिडच्या गोळ्या. शिवाय पास नावाचं औषध, इतकं घ्यावं लागे की जेवणाची इच्छा मरून जाई. थुंकीसाठी झाकणाचं भांडं. भेटायला येणारे खाटेपासून जरा लांब उभे राहत. त्यात चुकीचं काही नव्हतं.

शेजारच्या खाटेवर कामठीचे नामदेव होते. मागावर काम करणारे, बौद्ध. त्यांना माझ्याआधीपासून हाच आजार होता आणि ते प्रत्येक गोष्टीची थट्टा करत.

एका रविवारी श्रावणे आले. श्रावणे आमच्या मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, वडील. वडील हे वयामुळे म्हणत नाहीत. मंडळी पाळकांच्या मदतीला काही माणसं निवडते, त्यांना म्हणतात. आमच्याकडे प्रभुभोजन दर तीन महिन्यांनी होई. भाकर आणि द्राक्षारसाचा एकच प्याला बाकाबाकावरून हातोहात फिरे. त्याआधी प्रत्येकाने आत्मपरीक्षा करायची, म्हणून वडील घरोघर जाऊन विचारत, "तयारी झाली काय?" ज्याच्या मनात पाप किंवा वैर राहिलं असेल त्याने प्याला घ्यायचा नाही. श्रावण्यांनी तोच प्रश्न वॉर्डात विचारला.

"अहो, मी इथून येणार कसा?" मी म्हणालो.

"मी पुढचं सांगून राहिलो, भाऊ. असा आजार उगाच नाई येत. प्रभू काही तरी दाखवून राहिला तुमाले. मन तपासा. तवरिक प्रभूच्या टेबलापाशी येऊ नका, प्याला घेऊ नका."

ते गेल्यावर नामदेव कुशीवर वळले. "काय गा पेपरवाले, तुमच्या देवालेबी थुंकी तपासून द्या लागते काय?"

मी मन तपासलं. वॉर्डातल्या दुपारी लांब असतात. सापडायचं ते सापडलं, त्याबद्दल क्षमाही मागितली. फुप्फुसाला भोक पाडेल असं त्यात काही दिसलं नाही. उलट, छापखान्यात माझ्याबरोबर तीच हवा घेणाऱ्या इतरांना सोडून हा आजार मलाच का झाला, याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं. "माहीत नाही," ते सरळ म्हणाले. त्या सगळ्या महिन्यांत मला मिळालेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर ते होतं.

पुढे थुंकी निगेटिव्ह आली. मग पुन्हा, आणि पुन्हा. एक्स-रेमध्ये पोकळीच्या जागी व्रण उरला. घरी सोडताना मी डॉक्टरांना प्याल्याबद्दल मुद्दाम विचारलं आणि पद्धत समजावून सांगितली.

"चालेल," ते म्हणाले. "तुमची तपासणी झालेली आहे. भीती वाटायची तर बाकीच्यांची वाटू द्या."

तुम्हाला असं काही विचारायचं असेल तर असंच स्पष्ट विचारा. घरच्यांसमोर विचारा.

घरी पोहोचलो त्या संध्याकाळी विमलने माझ्या कपातला चहा माझ्यासमोर प्यायला. "साखर पाहून राहिली," ती म्हणाली.

प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात श्रावणे दारात आले. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "ते बरोबरच हाये. पण लोकाइचं मन. तुमी मागच्या बाकावर बसजा. तुमच्यासाठी लहानसा ग्लास ठेवतो. कोणाले समजणारबी नाई."

"आणि आत्मपरीक्षेचं काय?" मी विचारलं.

"ते तर तुमी केलीच असेन नं," ते म्हणाले.

म्हणजे मन तपासायला सांगितलं तेव्हा त्यांना माझी छातीच म्हणायची होती. तेवढं बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून देवाचं नाव मध्ये घेतलं होतं.

त्याच आठवड्यात इंजेक्शनसाठी गेलो तेव्हा नामदेव भेटले. त्यांना ग्लासाचं सांगितलं. ते खोकला येईपर्यंत हसले. "आमच्या बापाचा कप हॉटेलाच्या बाहेर खिळ्याले टांगला राहे. तुमचा कुठं टांगून राहिले?"

माझे आजोबा त्यांच्या वडिलांसारख्याच वस्तीतले. ते ख्रिस्ती का झाले, याचं कारण घरात नेहमी एकच सांगितलं जाई: मिशनच्या साहेबाने आधी स्वतः प्याला तोंडाला लावला आणि मग तोच त्यांच्या हातात दिला. आमच्या घराण्याचं सगळं धर्मशास्त्र एवढंच. हे मी नामदेवांना सांगितलं नाही. ते आणखी हसले असते.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. ग्लास घेणं. ग्लास नाकारून, मध्ये उभं राहून, सगळ्यांसमोर प्याला मागणं. किंवा दोन्ही न घेणं. दुसरी वाट मला फार आवडली होती. श्रावण्यांचा चेहरा कसा पडेल, पाळकसाहेब कसे अडखळतील, हे मी मनात बातमीसारखं लिहूनही काढलं होतं, मथळ्यासकट. शुक्रवारी तयारीची सभा होती. तिथे डोळे मिटून बसलो, आणि या वेळी खरोखर तपासलं.

मला प्याला नको होता. मला श्रावण्यांची फजिती हवी होती. त्यांच्याविषयी माझ्या मनात द्वेष होता, आणि तो सोडायची माझी तयारी नव्हती. मला लहानपणापासून जे शिकवलं गेलं त्याप्रमाणे असा माणूस प्याल्याला अपात्र असतो. म्हणजे त्यांनी खोट्या कारणाने जे सांगितलं तेच खऱ्या कारणाने माझ्यावर आलं. मी प्याला घेतला नाही तर सगळे समजणार की याची छाती अजून साफ नाही. तेही मला कळत होतं.

रात्री विमलला सांगितलं. "म्हंजे त्यायचंच खरं झालं," ती म्हणाली.

"दिसायला," मी म्हणालो.

"मंग लोकं दुसरं काय पाहतेत?" तिला राग आला होता, आणि तो योग्य होता.

रविवारी मी आमच्या नेहमीच्या बाकावर, विमलशेजारी बसलो. श्रावणे लहान ग्लास घेऊन आले. मी मान हलवली. प्याला आला, तो दोन्ही हातांनी धरला आणि न पिता विमलच्या हातात दिला. मी त्याला हात लावला होता, म्हणून पलीकडच्या बाईंनी तो विमलकडून घेतल्यावर पिण्याआधी पदराने कड पुसली.

बाहेर श्रावण्यांनी मला गाठलं. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. "बरं केलं, भाऊ. लोकाइच्या मनाचा विचार केला."

"लोकांचा नाही केला," मी म्हणालो. "माझी छाती साफ आहे. तुमच्याविषयी मन साफ नाही. म्हणून घेतला नाही."

त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मंग आता मी काय करू?"

"ते मला माहीत नाही."

"पाळकसाहेबाले सांगू काय?"

"सांगा. पण मी म्हणालो तसंच सांगा."

ज्यांना हा आजार होईल त्यांना मी एवढंच म्हणेन: गोळ्या पूर्ण घ्या. कुणी मन तपासायला सांगितलं तर जरूर तपासा, सांगणाऱ्याचा हेतू काही का असेना. त्यातून जे निघेल ते तुमच्या सोयीचं असेलच असं नाही. डॉक्टरांचे आणि विमलचे उपकार मी मानतो. देवाचेही मानतो. मंडळीबद्दल अजून ठरवलेलं नाही.

श्रावण्यांनी निरोप दिला असावा. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं आणि आमच्या या बंधूच्या छातीला लवकर पूर्ण आराम पडो, अशी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. आवाज मोठा निघाला. छाती आता खरोखरच चांगली आहे.