तुंगार्लीच्या घराचा जामीनदार

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण तुंगार्लीच्या त्या घराचे प्रकरण मनात जसेच्या तसे आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. फुटली होती ती कौले. नावे मी सांगणार नाही, कारण त्या माणसांची मुलेबाळे आज मावळातच नांदत आहेत.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या थोडी वर्षे आधी फौजदार म्हणून माझी लोणावळ्याला बदली झाली. ठाण्याचे काम ठरलेले असे. सकाळी शिपायांची गणती, मग गस्तीचा अहवाल, स्टेशन डायरी, आणि त्यानंतर मुंबईहून हवा पालटायला आलेल्या मंडळींच्या तक्रारी. कोणाची ट्रंक फलाटावर राहिली, कोणाचा माळी पळाला. अशाच एका सकाळी एक बाई आत आली. वय पस्तिशीचे, अंगावर जाडेभरडे लुगडे. पदराखालून तिने फुटक्या कौलाचा एक तुकडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, माझं घर कुनीतरी मोडतंय," ती म्हणाली. "आन् ते बी बाजाराच्या दिवशी."

आमचा हवालदार जुना माणूस. तो हसून म्हणाला, "बाई, मागेच सांगितलं ना, वानरं असतील. तळ्याकडच्या झाडांवर टोळीच आहे त्यांची."

"व्हय भाऊ, तुमी मागंबी हेच म्हनलात. पन वानराला बाजाराचा दिवस कसा कळतो?"

मी तिला बसायला सांगितले आणि सगळे पहिल्यापासून ऐकून घेतले.

ती मूळची परंदवडीची. नवरा रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्याच्या कामावर होता. दोन डब्यांच्या मध्ये त्याचा डावा हात सापडला आणि मनगटापासून गेला. रेल्वेने नुकसानभरपाई दिली आणि राहती खोली रिकामी करायला सांगितले. बाई इंजिनवरच्या माणसांसाठी खानावळ चालवत होती, ती त्या खोलीतच. खोली गेली असती तर खानावळही गेली असती. तेव्हा तिने ठरवले की आता भाड्याने कुठे राहायचे नाही, घर घ्यायचे.

तुंगार्लीच्या बाजूला एक जुने कौलारू घर बरीच वर्षे बंद पडले होते. मालकीण मुंबईला असे. भिंती दगडी आणि भक्कम, पण छपराचे वासे कुजलेले, अर्धी कौले खाली आलेली. धड घर त्यांना परवडण्यासारखे नव्हतेच, म्हणून हे पडके. भरपाईचे पैसे आणि बाईच्या पाटल्या एवढ्यावर भागत नव्हते. गावातल्या पतपेढीने कर्ज द्यायचे कबूल केले, पण दोन भागांत. पहिला भाग खरेदीखताच्या वेळी. दुसरा भाग दुरुस्तीसाठी, आणि तो छपराचे काम पेढीच्या पंचांनी पाहून पसंत केल्यावर. पावसाळ्याच्या आत छप्पर झाले नाही, तर घर तारण म्हणून धरता येणार नाही आणि दिलेली रक्कमही परत मागितली जाईल, अशी अट होती. शिवाय एक वजनदार जामीनदार हवा होता.

"मग जामीन कोण राहिलं?" मी विचारले.

"लाकडाच्या वखारीचं शेट. देवावानी आले, सायेब. आमी बोलवलंबी नव्हतं. वासं, रिपा, समदं उधारीवर दिलं. म्हनले, पेढीचा दुसरा पैसा आला की द्या."

नवराबायको त्या घरातच राहायला आली आणि त्यांनी मजूर लावून छप्पर चढवायला घेतले. बाजाराच्या दिवशी मजुरांना सुटी असे आणि दोघेही खानावळीची भाजी आणायला जात. निम्मे झाले आणि एका बाजाराच्या दिवशी बाई भाजी घेऊन परत आली तर कौले फुटून पडलेली. पुन्हा चढवली. पंच पाहायला यायचे त्याच आठवड्यात पुन्हा तेच. पंचांनी भोके पाहिली आणि माघारी गेले.

कायद्याने अशी आगळीक आमच्या दखलीत येत नव्हती. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय मला तपास करता येत नव्हता. मी डायरीत नोंद केली आणि तिला वडगावच्या कोर्टात अर्ज करायला सांगितले. तिने कौलाचा तुकडा उचलून पुन्हा पदराखाली घेतला. "अर्ज करते," ती म्हणाली. "पन घर सोडत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी वखारीचा मालक आपण होऊन ठाण्यात आला. धोतर, काळा कोट, बोलणे अत्यंत नम्र.

"साहेब, एक बातमी द्यायची होती. त्या घराच्या कामावर डोंगरातला एक ठाकर होता. त्याच्या मजुरीवरून काही बोलाचाली झाली, असं कानावर आलं. ही माणसं डूख धरतात. माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका."

खबर देणारे बहुतेक जण हेच सांगतात, त्यामुळे त्याचे मला काही वाटले नाही. हवालदाराने त्या ठाकराला बोलावून आणले. तो दारातच उभा राहिला. मजुरीवरून भांडण झाले का, म्हणून मी विचारले.

"झालं व्हतं," तो म्हणाला. "बाईनं मग दिली मजुरी. वर जेवूबी घातलं."

"मग कौलं का फोडलीस? विकायला नेलीस?"

"न्यायची काय, सायेब? समदी तितंच फुटून पडल्यात. आन् माझं घर गवताचं. मंगलोरी कौल घेऊन मी काय करू?"

हवालदार त्याला आणखी दमात घ्यायला उत्सुक होता. मी त्याला जाऊ दिले. खोटे बोलणारा माणूस शक्यतो भांडणच नाकारतो. याने ते आधी कबूल केले आणि मग पुढचे सांगितले.

यानंतर जे झाले त्याने प्रकरणाचा रंगच बदलला. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी बाई घरी आली तर दाराला कुलूप तसेच आणि मागच्या अंगणात नवरा पडलेला. खांद्याचे हाड मोडलेले, डोक्याला खोक. सरकारी दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा मी खाटेजवळ होतो.

"वर काय करत होतास?" मी विचारले.

"बायकू कुलूप लावून बाजाराला गेली, मी मागं ऱ्हाऊन रिपा तारेनं आवळीत हुतो. एका हातानं हुईल तेवढं," तो म्हणाला. "मजुरांना किती दिवस बोलवायचं? शिडी मागच्या अंगाला लावलेली. येकदम खालून दनका बसला. कौल उचललं गेलं आन् मी घसरलो."

"खालून? दाराला तर कुलूप होतं."

"सायेब, खालूनच."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, एक हात नसलेला माणूस छपरावर चढला म्हणजे पडणारच. बाहेर जमलेल्या लोकांचेही तेच म्हणणे होते. यार्डातल्या शिट्ट्यांनी त्याचे कान आधीच मंद झालेले, त्यामुळे त्याने काही ऐकलेही नव्हते. पण आता माणूस जखमी झाला होता. गुन्हा दखलपात्र झाला होता आणि मला कोणाच्या हुकमाची वाट पाहायची नव्हती.

पंचनाम्यासाठी गावातले दोन पंच घेऊन मी त्या घरी गेलो आणि स्वतः शिडी चढलो. वरून दगड मारला किंवा वानराने उडी मारून कौल फोडले, तर तुकडे खाली खोलीत पडायला हवेत. खोलीत चूर सोडून काही नव्हते. तुकडे सगळे छपराच्या उतारावर आणि अंगणात विखुरलेले. एक रीप तुटली होती, तिचे तोंड आकाशाकडे उचललेले. खाली उतरलो तेव्हा जमिनीवर, त्या भोकाच्या बरोबर खाली, बांबूचे बूड रुतल्यासारखा गोल खळगा दिसला. घर आतून मोडले जात होते. म्हणजे मोडणारा कुलूप उघडून आत येत होता.

"या कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?" मी बाईला विचारले.

"येक माझ्याकडं. येक वखारीत असती. लाकडं आत आनून टाकायला दिलेली." एवढे बोलून ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी कधी विसरलो नाही. राग नंतर आला. आधी तिला लाज वाटली, आपण त्याला देवासारखा म्हटल्याची.

मी पतपेढीच्या चिटणिसांना एकच प्रश्न विचारला. बाईला कर्ज फेडता आले नाही तर घराचे काय होईल? ते म्हणाले, जामीनदार रक्कम भरेल आणि घर त्याच्याकडे जाईल. मग थोडे घुटमळून पुढे बोलले, "खरं तर ते घर शेटजींना आधीच हवं होतं. तळ्याजवळच्या जागांना मुंबईकर भाव देतात. पण त्यांनी फार पाडून मागितलं, म्हणून मालकीणबाईंनी दिलं नाही."

वखारीतल्या माणसांना मी एकेकाला बोलावले. मुनीम म्हणाला, किल्ली गादीमागच्या खिळ्याला असते, माल पोच करायला जाईल तो घेऊन जातो. पोच करायला जाणारा हमाल आंबीकडचा, धिप्पाड, खाली मान घालून बोलणारा. त्या दिवशी तू कुठे होतास, असे विचारताच त्याने झटक्यात उत्तर दिले, रेल्वेच्या मालधक्क्यावर वखारीचा माल उतरवत होतो. मालधक्क्यावर चौकशी केली. त्या दिवशी वखारीचा मालच आला नव्हता.

दुसऱ्यांदा मी त्याला बोलावले तेव्हा मालाचे नावही काढले नाही. त्याला पाणी दिले, बसवले आणि दवाखान्यात पाहिलेले सांगितले. त्या माणसाला एकच हात आहे, आणि आता मोडला आहे तो त्याच बाजूचा खांदा. बायको त्याला घास भरवते. डॉक्टर म्हणतात, हात पुन्हा वर उचलला जाईल की नाही सांगता येत नाही.

हमालाने पेला खाली ठेवला. "मालक म्हनले हुते, बाजाराच्या दिवशी घरात कुनी नसतंय," तो पुटपुटला. "वर मानूस हाय ते मला कुटं ठावं हुतं?"

लिहिणाऱ्या शिपायाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी त्याला खुणेनेच लिहीत राहायला सांगितले.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. तेव्हा पंचांसमक्ष हमालाने तळ्याच्या वाटेवरच्या करवंदीच्या जाळीतून लांब बांबू काढून दिला. त्याच्या टोकाला लाल चुरा चिकटलेला होता. मॅजिस्ट्रेटपुढे त्याचा जबाब नोंदवला आणि त्याला माफीचा साक्षीदार केले. मगच मी वखारीत गेलो.

"फौजदारसाहेब," मालक म्हणाला, "मी त्यांना जामीन राहिलो, लाकूड उधार दिलं, आणि गुन्हेगार मीच?"

"जामीन राहिलात म्हणूनच," मी म्हणालो. "चला."

वडगावला खटला चालला. वकील पुण्याहून आणला होता, पण बांबू आणि हमाल दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरले. मालकाला काही महिन्यांची कैद आणि दंड झाला.

पण पाऊस कोर्टासाठी थांबणार नव्हता. बाईने एकीकडे दवाखाना आणि खानावळ सांभाळत छप्पर पुन्हा काढले. तो ठाकर आपल्या वाडीतली माणसे घेऊन आला. इंजिनवरची माणसे पाळी संपवून रिपा ठोकायला जात. पेढीचे पंच आले, वर चढले, पसंत म्हणाले, आणि कर्जाचा दुसरा भाग मिळाला.

पुढे मालक सुटून आला आणि त्याने पेढीकडे अर्ज केला की मला जामिनातून मोकळे करा. आता हप्ता चुकला तरी शिक्षा झालेल्या माणसाला पेढी ते घर देणार नव्हती, पैसे मात्र त्यालाच भरावे लागणार होते. पेढीने बाईला बोलावले. तिच्या सांगण्यावरून मीही गेलो होतो. चिटणीस म्हणाले, "दोन इंजिन ड्रायव्हर तुमच्यासाठी जामीन राहायला तयार आहेत. या माणसाचं नाव तुम्हालाही नको असेल."

"ऱ्हाऊ द्या त्यांचंच नाव," बाई म्हणाली.

मला वाटले तिला समजले नाही. मी समजावू लागलो.

"समजलं, सायेब. आमी बुडनार म्हनून ते जामीन ऱ्हायले. आता आमी बुडत न्हाई हे त्यांनी बघायचं. जामीन सोडायला मी अंगठा देनार न्हाई."

आणि तिने तो दिला नाही. माझी बदली झाली, लढाई आली, धान्य महाग झाले. हप्ता कधी उशिरा गेला असेल, पण वखारीच्या दारात पेढीचा माणूस कधी गेला नाही. नवऱ्याचा हात बराचसा सुधारला. तो गल्ल्यावर बसू लागला.

बऱ्याच वर्षांनी रजेवर असताना मी त्या खानावळीत जेवायला गेलो. बाईने ताट वाढले, माझे जेवण होऊ दिले आणि म्हणाली, "सायेब, वखारीपतूर येता का? येक काम हाय."

वखारीत मालक गादीवर बसला होता. आता म्हातारा झालेला. तिला पाहून तो उठून उभा राहिला.

"शेट, आज शेवटचा हप्ता भरला," ती म्हणाली. "पेढीतून सरळ हितं आले. आता तुमी सुटला."

ती वळली आणि चालू लागली. मीही तिच्या मागून निघालो.

गुन्हेगाराला शिक्षा लावली की आपले काम झाले, असे मी तोवर समजत होतो. माझ्या कामामुळे तो माणूस काही महिने आत गेला होता, एवढेच. बाकीची सगळी वर्षे त्याला त्या बाईने स्वतःच्या घामावर धरून ठेवले होते, आणि तिला वाटले तेव्हाच सोडले.